जारच्या आधी

रात्री सव्वादोनला तांबोळीबाईंचा फोन, रास्ता पेठेतून.
"पुन्हा प्रश्नचिन्हं छापतंय हो.
बाळंतिणीच्या नावाच्या जागी सात, मग मोकळी जागा, मग सहा."
मी धायरीत. वीज संध्याकाळपासून गेलेली,
मांडीवर मेलेला लॅपटॉप.
म्हटलं, रात्रीची फाइल उघडा. मी सांगते, तुम्ही लिहा.

दिवसा हाताने सुरू केलं की नावं नीट यायची.
बारा वाजता मशीन आपलं आपण उठतं, तेव्हा
त्याच्याजवळ कुणी नसतं,
त्याला भाषा नसते, गाव नसतं.
आणि भाषा नसलेल्याला मृण्मयी म्हणजे
म, ऋकार, ण, हलन्त, म, य, दीर्घ वेलांटी:
दारात उभी सात अनोळखी माणसं.

"लिहा. जावा. मोकळी जागा. वजा."
"वजा म्हणजे?"
"आडवी रेघ, शून्याशेजारची.
एक्स एम एस दोन जी. मोकळी जागा.
वजा एक्स एम एक्स सहा जी."
पलीकडे एकेक बोट पडत होतं,
पावतीवर शिक्का मारावा तसं.
"हे काय दिलं त्याला?"
"जागा. दोनपासून सुरुवात, सहाच्या पुढे हात पसरायचा नाही.
आठातले दोन बाकीच्यांना लागतात."
"आमच्या जनरल वॉर्डात वीस खाटा," त्या म्हणाल्या,
"एकविसावी येतेच."

"वजा एक्स एक्स. दोन टिंबं, एकावर एक. अधिक."
"वजाही आणि अधिकही?"
वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
"अधिक म्हणजे चालू," मी म्हटलं, "पुढे कचरा उचलणाऱ्याचं नाव आहे,
लहान-मोठं अक्षर बघून लिहा."

मग घड्याळ.
मोठा डी, त्याला चिकटून युजर, टिंब, टाइमझोन,
बरोबर, एशिया, तिरकी रेघ, कोलकाता.
मागच्या महिन्यात बुधवारी पहाटे तीन दहाला झालेला मुलगा
कागदावर मंगळवारी रात्री नऊ चाळीसला जन्मला होता.
त्याचे वडील वाघोलीहून आले, पत्रिका दोनदा मांडून झाल्यावर.
भांडायला नाही. नुसतं विचारायला,
की वाढदिवस कधी करायचा.

"आता वजा, मोठा डी, फाइल टिंब एन्कोडिंग,
बरोबर, यूटीएफ, वजा, आठ. मग वजा जार, आणि—"
"थांबा," त्या म्हणाल्या. "खाली जुनी ओळ दिसते.
तिच्यात हे दोन्ही आहे की.
फक्त जारच्या नंतर."

ती ओळ माझी.
आठ महिने मी प्रिंटरला बोलले, फॉन्टला बोलले,
नोकरी सोडून गेलेल्या हेरंब पाठ्यालासुद्धा,
जो बिचारा आता उत्तर द्यायलाही नाही.

जारच्या आधी सांगितलेलं यंत्राच्या कानी जातं.
नंतरचं आतल्या प्रोग्रामच्या हाती पडतं,
तो ते घेतो, खिशात ठेवतो,
काय करायचं याचं, असंही विचारत नाही.
लाल अक्षर उमटत नाही.
शब्द तेच, एक मात्राही इकडची तिकडे नाही,
जागा तेवढी चुकली.
(अशी आणखी एक-दोन वाक्यं आहेत माझी.
ती कुठल्या फाइलीत नाहीत.)

"जुनी पुसू?"
"पुसा. आणि हाताने चालवू नका.
दोन पन्नासची वेळ लावा, त्याचं त्याला उठू द्या."

चार मिनिटं होती. फोन कुणी ठेवला नाही.
तिकडे कोणाचं तरी बाळ रडायला लागलं,
कुणीतरी म्हणालं, आलं गं, आलं.
माझ्या खिडकीखाली सिंहगड रस्त्याकडे जाणारा
एकच टेम्पो, रिकाम्या क्रेटचा आवाज करत.

मग प्रिंटर.
तांबोळीबाई रजिस्टर वाचावं तशा वाचू लागल्या:
"मृण्मयी ढमढेरे. मुलगी. एक वाजून बावन्न."
थोडं थांबून, कागद दिव्याजवळ धरला असावा,
"बरोबर आहे, मॅडम.
दोन्ही ढ जागेवर आहेत."

मी अंधारात एकटीच हसले.
एक तरी होता, धायरीत.